भावाचा इलाज चालू आहे, पण पोरीला कोणी काही सांगितलंच नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. वहीची चार पानं पाठपोट लिहून त्यांचे फोटो पाठवलेत. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. मुलगा सहा वर्षांचा, फेब्रुवारीत त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला, एएलएल. इलाज नागपूरला. पहिले आठ-नऊ महिने ताई आणि पोरगा दवाखान्यात नाहीतर दवाखान्याजवळच्या भाड्याच्या खोलीत, घरी आले तर चार दिवस, परत ताप, परत नागपूर. आता मेंटेनन्स, म्हणजे इलाजाचा शेवटचा लांब टप्पा, सुरू झालंय म्हणून दोघं गावात आलेत, गोळ्या घरीच, महिन्यातून एकदा ओपीडी. नवरा वावर पाहतो, सासूबाई घर पाहतात. आणि मोठी मुलगी, तेरा वर्षांची, आठवीत, मानव विकासच्या गाडीने, म्हणजे मुलींसाठीच्या शाळेच्या एसटीने, तालुक्याच्या शाळेत जाते.

ताई लिहितात: "मी घरी आली तर मोठी माझ्याशी बोलत नाही. ताट वाढलं तर घेते, नाही वाढलं तर मागत नाही. मागच्या महिन्यात तीन दिवस शाळा बुडवून कापूस वेचायला गेली आणि वेचणीचे १४० रुपये बापाच्या हातात दिले. मी लय रागावली तिला. एकदा रात्री विचारलं, मायं हाड काढतीन का त्याच्यासाठी. मी म्हटलं काहीही बोलू नको, झोप. तिला भावाचा हेवा वाटून राहिला का? आणि सासूबाई म्हणतात पोरगं त बरं झालं न आता, कायले पाजता त्या गोया. मी कोणाकोणाला समजावू."

ताई, पहिले तुमच्या मोठीबद्दलच लिहिते, सासूबाईंचं नंतर. तुमच्या चार पानांत मोठीबद्दल सगळ्यात कमी लिहिलंय, मोजून नऊ ओळी, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्या नऊ ओळींचीच वाटली.

हेवा नाही तो. हेवा वाटणारी पोरगी तीन दिवस उन्हात कंबर वाकवून कापूस वेचत नाही अन् ते पैसे गुपचूप बापाला देत नाही. तिला घरात काय चाललंय ते दिसतंय, पैशाची ओढाताण दिसते, बापाचं तोंड दिसतं, आजीचं रडणं दिसतं, फक्त कोणी तिला सांगत नाही की नेमकं काय झालंय. म्हणून तिने स्वतःच शोधून काढलं की आपण काय करू शकतो, आणि केलं. त्यावर तुम्ही रागावल्या. तुमचंही चूक नाही, तुम्हाला वाटलं पोरगी शाळा टाळतेय. पण तिच्या बाजूने एकदा बघा.

आणि ते हाडाचं. ताई, ते ती काहीही बोलत नव्हती हो. कोणीतरी तिच्यासमोर बोललंय की बहिणीचं बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, लागतं, बहुतेक गाडीत नाहीतर ओट्यावर, आणि तिने ऐकलं "हाड". तेरा वर्षांची पोरगी किती रात्री ते घेऊन झोपली असेल, माझं हाड कापणार, कधी कापणार, बाबा हो म्हणाले का. मग एका रात्री हिंमत करून तिने आईला विचारलं. तो दरवाजा तिने उघडला होता, तो तुम्ही परत उघडायचा आहे, आणि लवकर.

हे मी एवढं ठासून का सांगतेय त्याला कारण आहे. माझ्या मुलाला हाच आजार झाला तेव्हा तो पाच वर्षांचा होता, आज कॉलेजात आहे. त्या वेळी माझी मुलगी नऊ वर्षांची, तिला आठ महिने माझ्या आईकडे ठेवलं आणि सांगितलं भावाला ताप आहे. मला वाटलं लेकराच्या डोक्याला ताण नको. तिने मला खरी गोष्ट सांगितली ती एकोणिसाव्या वर्षी. तान्ह्या पोळ्याला दोघांचं लाकडी नंदीवरून भांडण झालं, तिने तो नंदी त्याच्या अंगावर फेकला, आणि त्याच आठवड्यात त्याच्या मांडीवर काळेनिळे डाग दिसले, मग दवाखाना, मग आई गायब. दहा वर्षं ती पोरगी मनात धरून होती की भावाला मी आजारी पाडलं. ते डाग प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी झाल्याचे होते, हे मला पहिल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन मिनिटांचं काम होतं तिला सांगायचं, आणि मी नाही सांगितलं. ती गोष्ट मला अजून रात्री आठवते.

म्हणून सांगा तिला. आजाराचं नाव घेऊन सांगा, कॅन्सर म्हणा. तुम्ही लिहिलंय घरात तो शब्द काढायचा नाही असं ठरलंय, पण गावाला माहीत आहे, गाडीतल्या पोरींना माहीत आहे, म्हणजे तिलाही शब्द माहीत आहे, फक्त ती तो एकटीने सांभाळतेय. समोर बसवून भाषण देऊ नका. तुरीच्या शेंगा सोलताना नाहीतर रात्री अंथरुणावर, तिच्या बाजूला पडून, अंधारात बोलणं सोपं जातं. काय बोलायचं ते तुम्हाला तुमच्या शब्दांत येईलच, पण मी तुमच्या जागी असती तर असं काहीतरी म्हटलं असतं: "त्या दिवशी तू हाडाचं विचारलं आणि मी तुला झोप म्हटलं, ते मायं चुकलं. तुयं हाड कोणी काढत नाही. रक्त हाडाच्या आतल्या मगजात बनते, तुया भावाच्या मगजात रक्ताच्या खराब पेशी वाढल्या, म्हणून त्याले हा कॅन्सर झाला. कोणाच्या मारण्यानं नाही झाला, पडण्यानं नाही, खाण्यानं नाही, आणि तुले त्याच्यापासून लागत नाही, एका ताटात जेवली तरी नाही."

मॅरोचं तिने पुढे विचारलं तर तेही खरं सांगा. एएलएलच्या बहुतेक मुलांना ट्रान्सप्लांट लागतच नाही, आजार परत आला किंवा काही खास प्रकार असला तरच डॉक्टर तो विचार करतात, आणि तुमच्या डॉक्टरांनी तसं काही म्हटलेलं नाही. ज्यांच्या भाऊ-बहिणीचं घेतात त्यांचंही हाड कापत नाहीत, भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने मॅरो ओढतात आणि ते काही आठवड्यांत अंगात परत तयार होतं. एवढं ऐकलं तरी ती मोकळा श्वास घेईल.

ती विचारेल की तो मरेल का. नक्की विचारेल, आज नाही तर पंधरा दिवसांनी. तेव्हा देवाची शपथ घेऊन "काही होणार नाही" म्हणू नका, कारण पुढच्या वेळी त्याला ताप आला आणि तुम्ही रात्री पळाल्या तर ती शपथ खोटी पडते आणि मग ती तुमचं काहीच खरं मानणार नाही. असं सांगा की आजार मोठा आहे, पण इलाज पूर्ण केला तर यातली बहुतेक मुलं बरी होतात, आपण इलाज पूर्ण करून राहिलो, आणि काही बदललं तर तुला बाहेरच्यांच्या आधी मी सांगीन. हे शेवटचं वाक्य पाळा मात्र.

ती रडेल, नाहीतर काहीच बोलणार नाही, उठून बाहेर जाईल. जाऊ द्या. बोलणं एका रात्रीत होत नसतं.

आता ते १४० रुपये. ते पैसे घरखर्चात जाऊ देऊ नका. भाऊंना, पोरीच्या बाबांना, म्हणा काढून द्या, त्यात थोडी भर घाला आणि तिला सोबत नेऊन मेडिकलमधून एक चांगला डिजिटल थर्मामीटर आणा. तिच्या पैशाचा. या आजारात घरातली सगळ्यात कामाची वस्तू तीच आहे, हे मी दोन वर्षं इलाजातून गेलेली बाई सांगतेय. पोराचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, कमी असतात तेव्हा पांढऱ्या पेशी लढायला नसतात, साधं इन्फेक्शन काही तासांत अंगभर पसरतं, आणि बाहेरून फक्त ताप दिसतो. काखेत लावून १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा वर दिसला की त्याच वेळी निघायचं, रात्रीचे दोन वाजले असोत. क्रोसिन देऊन सकाळपर्यंत वाट पाहायची नाही, गोळीने ताप दबतो, इन्फेक्शन दबत नाही. गावातल्या डॉक्टरकडे सुई-सलाईन करून बघू असंही नाही. कॉम्बिफ्लामसारखी गोळी तर तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणूच नका, प्लेटलेट कमी असताना त्याने रक्तस्राव होऊ शकतो.

आणि तुमच्याकडून नागपूर म्हणजे यवतमाळ, वर्धा करत चार तास तरी धरा, गाडी मिळाली तर. म्हणून पुढच्या ओपीडीला डॉक्टरांना स्पष्ट विचारा की रात्री ताप आला तर आम्ही सरळ नागपूर गाठायचं की आधी यवतमाळच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जाऊन अँटिबायोटिकचा पहिला डोस घ्यायचा, आणि तसं असेल तर एका कागदावर आजाराचं नाव, चालू औषधं आणि कोणतं अँटिबायोटिक द्यायचं ते लिहून, शिक्का मारून द्या म्हणा. तो कागद फाईलमध्ये, त्याची झेरॉक्स दाराच्या मागे चिकटवलेली. १०८ चा नंबर आणि गावातल्या ज्याच्याकडे गाडी आहे त्याचा नंबर त्याच कागदावर. मोठीला १००.४ हा आकडा सांगून ठेवा. तुम्ही वावरात असाल आणि पोरगं अंगाला गरम लागलं तर घरात कोणालातरी माहीत पाहिजे.

एक मात्र सांभाळा, गोळ्यांची जबाबदारी तिच्यावर टाकू नका. कॅलेंडरवर खूण तिने करावी, गोळी तुम्ही द्यावी. तुमच्याकडे मुख्य दोन गोळ्या आहेत, एक रोज रात्रीची ६-एमपी आणि दुसरी मेथोट्रेक्झेट, आठवड्यातून एकाच वारी. ही दुसरी चुकून रोज दिली गेली तर जिवावर बेतू शकतं. तेव्हा तिचा वार लाल पेनाने लिहा आणि ती पट्टी वेगळ्या डब्यात, आजीलाही दाखवून ठेवा. उलटी झाली, डोस चुकला, तर मनाने परत देऊ नका, फोन करून विचारा.

मोठीला अजून एक गोष्ट कळली पाहिजे, ती महिन्यातल्या त्या पाच दिवसांची. तुम्ही लिहिलंय की तुमच्या कागदावर दर महिन्याला पाच दिवस स्टेरॉइड आहे आणि त्या दिवसांत पोरगा चिडतो, ताट फेकतो, रात्री दोनला वरण-भात मागतो आणि सगळं घर त्याच्या मागे धावतं. तिला दिसतं की त्याने ताट फेकलं तरी कोणी काही म्हणत नाही आणि तिने आवाज चढवला तर मार बसतो. तिला सांगा की हे गोळीचं आहे, पाच दिवसांनी उतरतं, त्याचा चेहरा सुजतो तोही त्यामुळेच. आणि बाकीच्या पंचवीस दिवसांत त्याने ताट फेकलं तर त्यालाही रागवा. खरंच रागवा. आजारी आहे म्हणून सगळं माफ केलं की दोन वर्षांनी इलाज संपतो आणि घरात एक असं पोरगं उरतं ज्याला कोणाचं ऐकायची सवय नाही आणि एक बहीण जिला वाटतं या घरात आपली किंमत नाही.

तुम्हाला एक काम करायला सांगते जे तुम्हाला अवघड जाईल. पुढच्या ओपीडीला तुम्ही जाऊ नका. भाऊंना पाठवा पोराला घेऊन. तुम्ही लगेच म्हणाल त्यांना फाईल कळत नाही, कोणत्या खिडकीवर जायचं माहीत नाही, वेचणी चालू आहे. सगळं खरं. एका कागदावर लिहून द्या, आधी रक्त द्यायचं, मग रिपोर्ट, मग डॉक्टर, त्यांना रात्रीच्या तापाचं आणि त्या कागदाचं विचारायचं, आणि आरोग्यमित्राच्या, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाच्या, टेबलावर जाऊन जन आरोग्य योजनेत कोणती औषधं बसतात आणि बाहेरून आणायला लावलेल्या औषधांचं काय ते विचारून यायचं. फोन चालू ठेवायचा. एक दिवसाची वेचणी मागे पडली तर पडू द्या. तुम्ही लिहिता की ते फोनवर फक्त "रिपोर्ट काय आला" एवढंच विचारतात, दुसरं बोलत नाहीत. ताई, ज्याने तो वॉर्ड फक्त दोनदा पाहिला तो दुसरं काय विचारणार. एकदा पोराचा हात धरून सुई टोचताना उभे राहिले की बोलतील, माझ्या घरी तसंच झालं.

आणि त्या दिवशी तुम्ही मोठीसोबत घरी. तिची वेणी घाला, तिच्या आवडीचं करा, आलूचे पराठे असोत की रोडगे असोत, रात्री तिच्याजवळ झोपा. तिच्या शाळेत जाऊन सरांना सांगा की घरात असं आहे, आणि शाळेत कोणाला कांजण्या निघाल्या तर आम्हाला त्याच दिवशी कळवा. आपल्याकडे माता आली म्हणून घरीच ठेवतात आणि कोणाला सांगत नाहीत, पण केमोवरच्या पोराला कांजण्या लय जड जातात, संपर्क आला असं नुसतं कळलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा असतो, औषध वेळेत द्यावं लागतं.

आता सासूबाई. मी त्यांना वाईट म्हणणार नाही, नऊ महिने त्यांनी तुमचं घर आणि तुमची पोरगी सांभाळली. नातू खेळायला लागला, केस उगवले, मग गोया कायले, हा प्रश्न कोणत्याही आजीला पडतो. त्यांना वावराची भाषा कळते न, मग कुंदा तणाचं सांगा. काळ्या जमिनीत कुंदा वरून निंदला, डवरा फिरवला, वावर कसं स्वच्छ दिसतं, आणि खाली मुळं तशीच असतात, पाऊस पडला की परत वर. आजार सापडतो तेव्हा अंगात कॅन्सरच्या पेशी साधारण लाख कोटीच्या घरात असू शकतात. पहिल्या महिन्याच्या इलाजाने रिपोर्ट चांगला येतो, मायक्रोस्कोपखाली त्या दिसत नाहीत, तरी हजार कोटीपर्यंत उरलेल्या असू शकतात. त्या उरलेल्यांसाठी हे पुढचं सगळं, सगळं मिळून दोन-अडीच वर्षांचं.

हे माणसांनी लय किंमत देऊन शिकलंय. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या डॉक्टर फार्बर यांनी १६ लेकरांना अमिनोप्टेरिन नावाचं औषध दिलेलं छापून आलं, १० जणांना फरक पडला, मरणाच्या दारातली लेकरं खेळायला लागली, आणि काही महिन्यांत आजार परत आला. एकट्या औषधाने, थोड्या दिवसांत, हा आजार जात नाही हे तिथून कळत गेलं. ते औषध ज्यांच्या देखरेखीखाली तयार झालं ते आपल्या देशातल्या आंध्रातले, भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांचे स्वतःचे भाऊ आजाराने गेले होते. आणि तुमच्या डब्यातली ती आठवड्याची मेथोट्रेक्झेट त्याच औषधाची बहीण आहे. हे सासूबाईंना सांगा, आणि मोठीलाही सांगा, आठवीतल्या पोरीला हे आवडेल.

सासूबाई अंगारा लावतात, लावू द्या. नवस बोलल्यात, फेडू द्या. पण पोटात काही द्यायचं नाही, ती जी पुडी आणलीय झाडपाल्याची ती नाहीच. ६-एमपी आणि मेथोट्रेक्झेट दोन्हींचा लिव्हरवर ताण असतो, त्यात पुडीत काय आहे कोणाला माहीत नाही, लिव्हर बिघडलं की डॉक्टरांना गोळ्या थांबवाव्या लागतात, आणि गोळ्या थांबणं हेच तर आपल्याला नको आहे. आतापर्यंत दिली असेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा, ते ओरडले तरी चालेल. आणि सासूबाईंना दुसरं काम द्या जे त्यांच्याइतकं चांगलं कोणी करणार नाही: पोराचं खाणं. ताजं, गरम, शिळं नाही, पाणी उकळून गार केलेलं, दूध उकळलेलं, फळ धुऊन सोलून, उघड्यावरचं काही नाही. आजीच्या हातचं गरम वरण-भात-तूप, याला डॉक्टर नाही म्हणणार नाहीत. जमलं तर एकदा त्यांनाही ओपीडीला न्या. तिथल्या बाकावर बसलेली टकली लेकरं आणि त्यांच्यासोबतच्या आज्या पाहिल्या की तुमच्या दहा वेळा समजावण्यापेक्षा जास्त होईल, दोन आज्या एकमेकींशी बोलतील ते वेगळंच.

शाळेच्या दिवशी मोठीला वेचणीला जाऊ देऊ नका. रविवारी गेली तर जाऊ द्या, आणि ते पैसे तिचे. तिला सांगा की घर चालवणं हे आमचं काम आहे, तुयं काम आठवी पास होणं.

तुमची पुढची तारीख १८ आहे असं लिहिलंय. त्याच्या आधी मोठीशी बोला, तारखेची वाट पाहू नका, रिपोर्टची तर नाहीच. आणि ती काय म्हणाली ते मला कळवा, काहीच नाही म्हणाली तर तेही कळवा.